माणूस नसलेली तीन बेटं

३ फेब्रुवारी १९८४

दुपारी सव्वाबाराला, वाचनालयाच्या पायरीवर, वैशालीने चौथं पान वाचून पुस्तिका मिटली. माझं सगळं बदललं ते तिथे.

मी खुळ्यासारखा बघत उभा — आता हसेल, आता काहीतरी गोड बोलेल. पहिली प्रत खास तिच्यासाठी नेली होती. 'तीन बेटांचा इतिहास'. धरणातल्या त्या बेटांवरच्या हॉलिडे कॅम्पवाल्यांनी आमच्या छापखान्याकडून करून घेतलेली. मजकूर सगळा माझा. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याचं पहिलं छापील काम!

"हे कुणाला विचारून लिहिलंस?"

म्हटलं, आबांना, माझ्या वडिलांना. आमचं गाव बोरदरे धरणात गेलं तेव्हा आबा तिथले पोलीस पाटील. त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

"त्या टेकड्यांवर आमची अकरा घरं होती. तुमची ती हनिमून कॉटेज माझ्या आईच्या चुलीवर उभी आहे."

गेली. मागे वळून बघितलं नाही.

४ फेब्रुवारी

चौथं पान दहादा वाचलं. 'ज्या भूमीवर कधी मनुष्याचं पाऊल उमटलं नाही, जिथे पाण्याचा थेंबही नव्हता...' ही ओळ लिहिताना मनात तीच होती. ती, मी, चहूकडे पाणी, तिसरं कोणी नाही. माझ्या लाडाच्या चित्रात गर्दी नको, म्हणून अकरा घरं पुसली!

दोन वर्षं तिच्या मागे फिरलो. तुझं गाव कोणतं, एवढं एकदा विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

छापखान्याचे मालक धोंडीरामशेठना सांगितलं, पुस्तिका परत मागवा. दोन हजार प्रती कालच गेल्या म्हणाले. चुकीचं आहे ते, म्हटलं. ते म्हणाले, छापून झालं की चुकीचं काही नसतं. माझं डोकं सटकलं — छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांची अख्खी पेटी उलथी केली. खिळे जुळवणारा आमचा जुळारी भिका म्हणाला, "वेच आता. क च्या खणात क, ख च्या खणात ख. राग सगळ्यांना येतो, वेचायला कोणी बसत नाही."

चार तास वेचत होतो.

७ फेब्रुवारी

तिच्या घरी गेलो. शिव्या खायच्या तयारीने. तिच्या आईने, भिमाबाईंनी, चहा केला.

त्यांनी सांगितलं ते माझ्या पुस्तिकेत असायला हवं होतं. गावाने त्यांना शिवेबाहेर वर खडकावर ठेवलं. खाली नदीकाठी वावरं, देऊळ, शाळा — ते गावाचं. चौऱ्याहत्तरला धरण भरलं. गाव बुडालं, टेकड्यांचे माथे उरले. "ज्यांनी आम्हाला वर बसवलं ते पाण्यात गेले, आम्ही कोरडे." असं म्हणून हसल्या. मला हसता येईना.

बुडालेल्यांना दुसरीकडे जागा मिळाली. हे बुडाले नाहीत, म्हणून यादीत नाव नाही. पण वाट पाण्याखाली गेलेली! एक पावसाळा तसाच काढला, मग तराफ्यावरून भांडीकुंडी उतरवून इथे नाशिक गाठलं. पुढे आठ वर्षं बेटांवर नुसत्या शेळ्या. मग होड्या आल्या, सुरूची झाडं आली, कॉटेज आल्या.

आता अकरा घरांनी अर्ज केलाय — आम्हीही विस्थापित, आम्हालाही घराला जागा द्या. तेराला कचेरीत सुनावणी. कॅम्पच्या वकिलाने पुरावा म्हणून काय दिलं? माझं चौथं पान.

म्हटलं, मी येऊन सांगतो, न बघता लिहिलं म्हणून.

वैशाली दारात उभी होती. "माझ्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस."

८ फेब्रुवारी

मग कशासाठी जायचं?

१० फेब्रुवारी

आबांना विचारलं, गावाची यादी तुम्हीच केलीत, त्यात वरची अकरा घरं का नाहीत? शांतपणे म्हणाले, "मी कधी वर चढलोच नाय. जे बघितलं नाय ते यादीत कसं लिहायचं?" यात त्यांना प्रामाणिकपणा वाटतो! मी ताट भिरकावलं. नेहमीचंच माझं.

आणि मी कोण लागून गेलो? वाढलो मनमाडला मामाकडे, पण सुट्टीला बोरदऱ्याला यायचोच. संध्याकाळी टेकडीवर धूर दिसायचा. आबांना विचारलं होतं. गवत पेटवतात, म्हणाले होते. रोज कोण गवत पेटवतं? मी पुढे विचारलं नाही. आजवर नाही.

कचेरीत गेलास तर या घरात परत पाय ठेवू नकोस, म्हणाले.

१२ फेब्रुवारी

आई भाकरी थापत होती. मान वर न करता बोलायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात नदी आटली, गावची विहीर आटली. वरची, त्यांची, आटली नाही. गावच्या बायका उजाडायच्या आत हंडे घेऊन वर जायच्या. आई पण. भिमाबाई शेंदून हंडा भरून द्यायची. गावच्या विहिरीला तिचा हात चालत नव्हता.

"वर्षभर तेच प्यायले तुझे आबा. कुठलं पाणी, त्यांनी विचारलं नाय. मीही सांगितलं नाय."

आणि मी छापलंय — थेंबही नव्हता.

१३ फेब्रुवारी

कचेरीच्या ओट्यावर बसून लिहितोय. अजून पुकारलं नाही.

सकाळी चप्पल घालत होतो, तर मागे आई. धुतलेलं लुगडं नेसून. म्हणाली, "तू काय सांगणार? तू बघितलंस का? वर मी गेलेय."

आबा खाटेवर बसून होते. म्हणाले, "दुपारचं जेवण?"

"दुरडीत आहे," म्हणाली आणि उंबरा ओलांडून पुढे चालायला लागली. मागे राहिलो मी. बाहेर आलो, दार ओढून घेतलं.