बोरगावची पाटी

रविवार, ९ नोव्हेंबर, वडगाव

आप्पांच्या बसचं मॉडेल आज पुरं करायचंच होतं. आप्पा जाऊन वर्ष होत आलं, तरी तळहाताएवढी ती लाल गाडी पाटीवाचून उभी. कानडी अक्षरांतलं 'बेळगाव' छापलेलं डिकल वाटीतल्या पाण्यात भिजवलं आणि कागदावरून अलगद पुढच्या काचेच्या वर, पाटीच्या जागी सरकवलं. सरळ बसलं.

शेजारी आई वाती वळत होती. बस डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "ही न्हवं रं. ते येताना निराळी असायची."

मला हे कसं सुचलं नाही? वर्षभर रंगात आणि चाकांत डोकं घालून बसलो. आप्पा सकाळी गाडी बेळगावला न्यायचे, रात्री मुक्कामाला आमच्या गावी, बोरगावात आणायचे. आई दारात उभी राहायची ती येणाऱ्या गाडीसाठी.

डिकल वाळलं असतं तर निघताना फाटलं असतं. अजून ओलं होतं. ब्रशनं पाणी सोडून ते काढलं आणि सोबत छापून आणलेलं 'बोरगाव' बसवलं.

आईनं बराच वेळ बघितलं. "व्हय. हीच."

आईला मराठीसुद्धा वाचता येत नाही. कानडीतली एवढी एक पाटी येते.