कढई, समुद्र आणि पुढची सीट

मु. पो. आसेगाव,
ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

प्रिय शीला हिला,
रुख्मिणीताईचा सप्रेम जय भीम. विकासरावांनाही जय भीम, पण जरा कमी सप्रेम. कारण खाली येईलच. तिकडे मालवणात तुझा गुडघा, विकासरावांची बँक आणि तुम्ही दोघं ठीक असाल असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल आहोत, तुझे भाऊजी सोडून. त्यांच्या डाव्या कानातून अजून तलावाचं पाणी निघतंय आणि ते हळदीचं दूध पीत बाजेवर बसले आहेत. फोनच करणार होते, पण फोन दिवसभर त्यांच्या हातात असतो (होड्या बघतात), आणि तू बोललीस की तुझा आवाज ओट्यापर्यंत जातो. म्हणून पत्र. काम एकच आहे: या माणसाला समुद्रात जाण्यापासून थांबव. समुद्र दुरुस्तीसाठी बंद आहे, असं विकासरावांच्या सहीनं कळवलंस तरी चालेल. बँकेच्या माणसाच्या सहीवर यांचा फार विश्वास.

आग लावली ती तुझ्याच नवऱ्यानं. आमच्या अश्वजितच्या लग्नात पंगतीत बसून ते सगळ्यांदेखत म्हणाले, की एसटी चालवणं वेगळं आणि समुद्र वेगळा, वऱ्हाडातल्या माणसाचं पाणी टँकरपुरतंच. साडभाऊ साडभाऊला बोलला, हसून सोडून द्यायचं. पण हे रिटायर झालेले ड्रायव्हर. रिकामा ड्रायव्हर आणि उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी, दोन्हींच्या पुढे उभं राहू नये. तिथेच भाताचा घास हातात धरून त्यांनी जाहीर केलं, की मी समुद्रात कयाक चालवून दाखवीन. पंगतीत कोणालाच कळेना. मग मोबाइलवर दाखवलं: लांब, अरुंद होडी, आत पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. एक म्हातारा म्हणाला, याच्यात ब्रेक कुठं हाय? त्या दिवसापासून आसेगावात कोणीही यांना भेटलं की जेवलात का विचारत नाही, समुद्रात कधी जाता ते विचारतं. माघार घेतली तर चौकातून जाणं बंद होईल, हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

आता सहल निवडायची कशी? आमच्याकडे निवडण्याचं एकच शास्त्र, ते म्हणजे स्थळ पाहणं. आणि स्थळ पाहायचं तर गोमतीबाई हव्यात. (अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी जमवली आहेत, उरलेल्या अर्ध्याची मोडली आहेत.) त्या पानाचा डबा घेऊन आल्या, सतरंजी टाकली, चहा झाला आणि फोन स्पीकरवर लावून तुमच्या मालवणाकडच्या दोन कयाकवाल्यांची चौकशी सुरू झाली.

पहिल्याचं तोंड साखरेचं. वारा असो, लाटा असोत, बारा महिने चालू. पोहता येत नाही? काही अडत नाही. शिकायचं? त्यात शिकण्यासारखं काय आहे, बसलं की चालते. जॅकेट तुमच्या मर्जीवर. खडकावरचे पक्षी एकदम जवळून, पाहिजे तर उडवून दाखवू. माणसं कितीही आणा. तुझे भाऊजी खूश. ज्या माणसानं नोकरीभर काळीपिवळी जीपवाल्यांच्या नावानं खडे फोडले, की हे माणसं कोंबतात आणि कागद ठेवत नाहीत, तोच आता समुद्रातली काळीपिवळी बघून मान डोलवत होता.

दुसरा पोरगा समीर नावाचा. तो आधी यांचंच वय आणि बीपी विचारू लागला. मग म्हणाला, पहिला दिवस समुद्र नाहीच, खाडीत शिकायचं: उलटायचं कसं, बाहेर निघायचं कसं, परत चढायचं कसं. एका गाइडमागे मोजकीच माणसं. जॅकेट नाही तर बोट नाही. दुपारी वारा वाढतो म्हणून सकाळीच जायचं, आणि वारा बिघडला तर तुम्ही वाशीमहून आलेले असा नाही तर विलायतेहून, परत फिरायचं. पक्ष्यांच्या खडकाजवळ जाणार नाही, बिस्किटाचा कागद पाण्यात टाकला तर ओरडेन. भाऊजींना राग आला. म्हणे, अजून लग्न ठरलं नाही आन् हा काडीमोडाचं बोलून राह्यला.

पण गोमतीबाईंनी पान गालात सरकवलं आणि यांच्याकडे बघून निकाल दिला. "देवमन, ज्या स्थळात खोटच निंगत नाही, तिथं खोट लपवेल असते. जो सोताची खोट सोताच सांगते, त्यालेच पोरगी द्यावं. हे पोरगं पक्कं."

शीला, मला ते मनापासून पटलं. गोमतीबाई तिथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सवयीनं त्यांनी पुढे त्या पोराला शेती किती, व्यसन काय आणि घरी पाणी आहे का हेही विचारलं. तो म्हणाला, दारातच समुद्र आहे. गोमतीबाई म्हणाल्या, खारं हाय, पोरीले केस धुवाले तरास होईन.

ठरलं एकदाचं. फोन ठेवताना समीरनं सांगितलं, की येण्याआधी पाण्याची भीती घालवा. कमरेएवढ्या पाण्यात, सोबत माणूस ठेवून, नुसतं तरंगायला शिका. आणि एक नियम डोक्यात ठेवा: उलटलात तरी बोट सोडायची नाही, तिला धरून राहायचं, ती तरंगते. हा नियम यांनी असा पाठ केला, की जेवताना ताटसुद्धा सोडेनात.

पण नुसतं तरंगायला शिकतील तर ते ड्रायव्हर कसले? गाडीशिवाय ट्रेनिंग होत नाही, म्हणाले. कयाक आणायची कुठून? विहारात जयंतीचं जेवण करायची मोठी लोखंडी कढई आहे ना, ती आणली. घासायला नेतो असं सांगून. बांबूच्या दोन्ही टोकांना माझी दोन सुपं बांधली, झालं वल्हं. तेलाचे रिकामे डबे पाठीपोटाला बांधले, झालं जॅकेट. (वरून एसटीची खाकी टोपी. का, ते विचारू नकोस.) सगळं गाव तलावाच्या काठावर. सोबत माणूस हवा म्हणून मी पदर खोचून पाण्यात उभी.

कढई निघाली. पण ती गोल, तिला नाक ना शेपूट. हे उजवीकडे वल्हं मारत तेव्हा ती डावीकडे गरगरे, आणि डावीकडे मारत तेव्हा उजवीकडे. घाण्याला जुंपल्यासारखे फिरत होते आणि दर फेरीला काठाकडे तोंड आलं की हात हलवत होते. तेवढ्यात प्रेमसिंगच्या म्हशी अंघोळीला आल्या. म्हशींना ट्रेनिंगचं काय? एकीनं कढईच्या कडेला मान घासली आणि कढई उलटली.

पाणी कमरेएवढं. उभे राहिले असते तरी भागलं असतं. पण बोट सोडायची नाही ना! कढई लोखंडाची, ती सरळ तळाशी गेली आणि हे तिला धरून बसले. वर नुसते तेलाचे डबे आणि टोपी. मी ओढते, ते हलेनात. शीला, खोटं कशाला सांगू, काठावरचे हसत होते आणि मी रडत होते. शेवटी प्रेमसिंग धावला, त्यानं डब्यांना धरून त्यांना वर ओढलं आणि यांनी कानाला धरलेली कढईही वर आली.

"देवमनभाऊ, सोडा ना थे," प्रेमसिंग म्हणाला.

"सोडाची नसते," हे म्हणाले आणि तलाव ओकले.

तर असं आहे. माणूस जिवावरून वाचला, पण हौस फिटलेली नाही. उलट उलटायचं ट्रेनिंग पूर्ण झालं म्हणतात. तेव्हा पत्र मिळताच थांबवण्याचं बघ. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
रुख्मिणीताई

ता. क. १ : गोमतीबाई विचारतात, तो समीर अविवाहित आहे का, ते विकासरावांनी जाऊन बघून यावं. त्यांच्या भाचीची मुलगी मंजू बी.एस्सी. आहे आणि केस आखूड ठेवते.

ता. क. २ : थांबवू नकोस. वरचं सगळं हे बाजेवरून डोकावत होते म्हणून लिहिलं (अडवलं की हे हटकून जातात); आता झोपलेत. शीला, एसटीनं यांना सगळा महाराष्ट्र दाखवला आणि मला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, वाशीम ते शिरपूर. जन्मभर यांच्या गाडीत मी मागच्या सीटवर बसून यांची टोपी बघितली. मला समुद्र पाहायचाय. मी गुपचूप समीरला फोन केला होता. दोघांची बोट मिळते म्हणाला, आणि मी आधी तरंगायला शिकेन असा त्यानं शब्द घेतला. रोज सकाळी प्रेमसिंगच्या बायकोसोबत तलावावर जाते. कढई नेत नाही. त्या बोटीत आमची नावं घालायला विकासरावांना सांग. यांना वाटतं मागे गाइड बसेल, म्हणून यांनी पुढची सीट मागितली आहे, ड्रायव्हर पुढंच बसते म्हणे. त्यांना पुढेच बसू दे. समीर म्हणाला, त्या बोटीत स्टिअरिंग मागच्या सीटच्या पायाशी असतं. हे मी यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.