इज की वॉज

४ फेब्रु.
सकाळी युनिव्हर्सिटीत पीएच.डी.साठी शब्दांची मुळं उकरायची, दुपारी पोटासाठी सेक्टर २२ मध्ये इंग्रजी बोलायला शिकवायचं. क्लासच्या जिन्यात छोल्यांचा वास.
नवी विद्यार्थिनी हरप्रीत. खरड गावची, पंजाबी, नर्स. इंग्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी ठरलीय, पण बोलण्याच्या परीक्षेत दोनदा अडकली. यावेळी हुकलं तर जागा दुसरीला. "बेबी को साथ ले जाना है, मॅमजी." मुलगी चार वर्षांची.
नवऱ्याबद्दल बोलली. ही इज ड्रिंकिंग टी इन स्टील ग्लास ओन्ली. फळ्यावर 'इज ड्रिंकिंग' खोडून 'ड्रिंक्स' केलं. 'ओन्ली' राहू दिलं. तो आपला 'च' आहे, मला काढवत नाही.

६ फेब्रु.
विचारलं, नवरा काय करतो? "ही एक्सपायर्ड, मॅमजी. लास्ट इयर." आणि त्याच दमात, "बट ही इज व्हेरी जॉली."
एक्सपायर औषधं होतात, माणसं नाही, असं दर बॅचला ठासून सांगते. आज नाही सांगितलं. मूळ लॅटिन : श्वास बाहेर पडणे. वॉर्डात हे रोज बघणारी बाई ती. तिचाच शब्द बरोबर.

९ फेब्रु.
सराव परीक्षा. नवऱ्याचं प्रत्येक वाक्य वर्तमानकाळात. मार्क गेले. नियम विचारला तर घडाघडा सांगते. "रूल पता है, मॅमजी. मुँह से नहीं निकलता." म्हटलं, मग आईबद्दल बोल. तर म्हणे, जो बात दिल में हो वही आती है. अगं बाई, पण परीक्षक...
संध्याकाळी आईचा अकोल्याहून फोन. "कारली स्वस्त होती, पण नाही घेतली. तुझ्या बाबांना नाही ना चालत." बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आईचं वाक्य मी आजवर कधी सुधारलं नाही.

१२ फेब्रु.
हरप्रीतला 'वॉज'चं मूळ सांगितलं. आपलं 'वस्'. राहणे, मुक्काम करणे. निवास, वस्ती, सगळं त्याच घरातलं. इंग्रजीने नंतर त्याचा भूतकाळ करून टाकला.
वहीत उतरवून घेतलं. मग, "मतलब, वॉज में भी रहते हैं?"
हो म्हणाले. आमच्या गाइड सरांनी ऐकलं असतं तर कान पिळला असता. पिळू देत.
अंधारात पायरी चाचपावी तसं म्हणाली, ही वॉज टॉल.

१८ फेब्रु.
परीक्षा झाली. केंद्राबाहेर उभी होते, जीव नुसता टांगणीला. विषय आला, तुम्हाला हसवणारी व्यक्ती. "उन्हीं पे बोला, मॅमजी. सब वॉज बोला. एक भी गलती नहीं."
मी शाब्बास म्हणाले आणि तिचा बांध फुटला. स्कूटीपाशी, हेल्मेट डोक्यावर तसंच. "इतने दिन घर पे थे," एवढंच दोनदा म्हणाली. मीही रडले. स्वतःचाच राग आला. शिकवायचंच तर होतं ते, मग राग कसला? पण आला. तिच्यासाठी घेतलेली जिलेबी पिशवीतच राहिली.

२१ फेब्रु.
निकाल नाही अजून. सकाळी तिचा मेसेज : "मॅमजी, एक डाऊट. आय ॲम हिज वाइफ, या आय वॉज हिज वाइफ? एग्जाम के लिए नहीं. ऐसे ही."
दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आईला फोन लावावासा वाटला, विचारू काय तिला?
चारला क्लासवर येते म्हणालीय. तोवर काहीतरी सुचायला हवं.