चर्चच्या माळ्यावर दोघे

सांक्ट माग्न, टिरोल
९ मे १९६१

प्रिय विन्सदादा आणि रोझलवहिनी,

तुम्ही तिघं खुशाल असाल. दरड कोसळल्याचं रेडिओवर ऐकलंच असेल, म्हणून आधी एवढंच: गावातलं कुणीही गेलेलं नाही.

वरची आळी मात्र गाडली गेली. आपलं घर उभं आहे, तळघरात चिखल आहे. आमचा मुक्काम समोरच्या डोंगरावर, हुबरांच्या गोठ्यात. इथून सगळी दरी दिसते. गाव असं कधी पाहिलंच नव्हतं मी. केवढंसं आहे रे! चर्चचा मनोरा नसता तर सापडलंही नसतं.

बाबांबद्दल अजून काहीच लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिथे आलं की पेन अडतं.

शनिवारी गाव खाली करायचा हुकूम आला. सगळे वर पोचले, एक सोडून. वहिनी, तुझे बाबा. "जन्मभर घंटा ओढली, आता तिला एकटी टाकू?" म्हणत कोर्बिनियानकाका चर्चमध्येच बसून राहिले. तुम्ही दोघं लग्न करून गेल्यापासून बाबा त्यांच्याशी चकार शब्द बोललेले नाहीत. पण हे कळताच त्यांनी हातातली दुधाची बादली खाली ठेवली.

"बाबा, जाऊ नका," मी म्हटलं.

"त्या गाढवाला हाकायला दुसरं कोण आहे?" आणि उतरलेसुद्धा.

मग डोंगर घसरला. दरी धुळीनं भरून गेली. धूळ विरली तेव्हा मनोरा दिसला आणि सगळ्यांनी गुडघे टेकले. मी नाही टेकले. मला मनोरा नको होता, दादा.

बऱ्याच वेळानं घंटा वाजली. ना ताल ना तोल.

फादर म्हणाले, "कोर्बिनियान असा वाजवत नाही."

तेव्हा मी रडले.

पोरांनी चिखलावर फळ्या टाकून दोघांना गायकांच्या माळ्यावरून उतरवलं. काकांचा पाय मोडलाय, बाबांना नुसतं खरचटलंय. उतरतानाही भांडण चालूच. "घंटा अशी ओढतात? गाय पिळत होतास का?"

वर काय बोलणं झालं ते बाबा सांगत नाहीत. काकांनी सांगितलं. चिखल बाकांवर चढत होता तेव्हा बाबांनी विचारलं, "पोराचं नाक कुणावर गेलंय?" काकांच्या खिशात तुमच्या मार्टिनचा फोटो होता.

"दाखव."

"नीट माग."

"बरं, मागतो. दाखव."

तो फोटो आता बाबांकडे आहे. काका रोज मागतात, बाबा रोज विसरतात.

आत्ता ते शेजारीच बसलेत. म्हणतात, "लिही त्याला. पोराला गाव दाखवायला आणा म्हणावं. गाव थोडं गाडलं गेलंय, पण आहे."

तुमची बुर्गी

खालची वाकडी सही त्यांचीच. मी हात धरलेला नाही.

— बाप