गोठा सोडून बाकी सर्व

मी, कमलाक्षी कृष्णनाथ गवस, वय एकाहत्तर, धंदा दुधाचा, राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, गोवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. क्षमा नावाच्या वकीलबाई म्हणाल्या, मन ठिकाणावर असल्याचे आरंभीच लिहावे लागते. तर लिहिते. माझ्या गोठ्यातल्या कुठल्या गाईला कुठल्या सडाला आधी हात लावलेला खपत नाही, कोण कधी फळली, कुणाला सरकी पचत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. गुडघे मात्र ठिकाणावर नाहीत. पण त्यांच्याबद्दल कायदा काही विचारत नाही.

गोव्याचा कायदा असा, की मुले असली तर माणसाला आपल्या मालकीच्या निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते. उरलेले निम्मे मुलांचे, आई कितीही रागावलेली असो. हे ऐकून मी वकीलबाईंना विचारले, "म्हणजे माझो राग पण निम्मोच चलतलो?" त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. मला मुले दोन. मुलगा गौरेश, वास्कोला बंदरात नोकरीला, शनिवारी घरी येणारा. आणि मुलगी गौरवी, हळर्णला दिलेली. त्यांचे निम्मे त्यांना समसमान मिळेल. माझ्या निम्म्याचे मी पुढीलप्रमाणे ठरवते.

कलम पहिले, घर. माझ्या वाट्याचे घर गौरेशला आणि सून सुविधाला, दोघांच्या नावे. अट एकच. माझ्या खोलीचे जे जनेल गोठ्याकडे उघडते त्याला पडदा लावायचा नाही. गाय विणार असली की खाटेवरून दिसली पाहिजे. हे जनेल माझ्या कैलासवासी यजमानांनी मला लग्नानंतर पाडून दिले होते. दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांनी त्यांना साखळ्या केल्या, माझ्याने भिंत फोडली. मला ते फार आवडले होते आणि अजून आवडते.

कलम दुसरे, दागिने. सोन्याच्या दोन पाटल्या आणि एक मोहनमाळ गौरवीला. ह्या पाटल्या सोन्याच्या दिसत असल्या तरी खऱ्या शेणाच्या आहेत. आमच्या घरात रीत अशी, की दुधाचे पैसे घराचे आणि शेणाचे पैसे घरातल्या बाईचे. माझ्या सासूबाईंनी ती घातली आणि यजमानांनी कधी मोडली नाही. काजूवाले, माडवाले टेम्पो घेऊन शेणखताला यायचे, मापात घासाघीस करायचे आणि माझ्याकडून हरून जायचे. गौरवीने त्या हातात घालाव्यात, बँकेत ठेवू नयेत.

कलम तिसरे, पतसंस्थेतली ठेव. ती माझ्या शेवटच्या कार्याला वापरावी. उरेल त्यातून बाराव्याला गावजेवण न घालता गाईंना पोटभर पेंड आणि गूळ घालावा. माझी यात्रा सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेच्या मध्ये काढावी. मी गेले म्हणून कास तटवून गाईंना उभ्या ठेवाल तर मी तिरडीवरून उठून येईन. रडायचे असेल त्याने दूध सोसायटीत घालून येऊन सावकाश रडावे, मला घाई नाही.

कलम चौथे, रत्ना. ही बेळगावकडची, आठ-नऊ वर्षे माझ्याबरोबर गोठ्यात आहे. ती कानडीत गाते आणि गाई मराठीत ऐकतात, दोघींचे बरे जमते. तिला एक पाडी द्यावी, तिच्या पसंतीची, आणि मागची खोली ती राहील तोवर तिची. तिने सगळ्यात चांगली पाडी निवडली तर कुणी तोंड वाकडे करू नये. मी असते तर तीच निवडली असती.

कलम पाचवे, शेजारीण सत्यवती. हिने एकदा भर हळदीकुंकवात म्हटले होते की कमलाक्षीच्या दुधाला पाण्याचा वास येतो. तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या लग्नकार्यांना जातो, पण जेवत नाही. सत्यवतीला तिच्या हयातीपर्यंत रोज सकाळी पाव लिटर दूध ह्या घराने फुकट पोचवावे. तिने रोज चव घ्यावी आणि रोज खात्री करून घ्यावी. देव तिला शंभर वर्षे आयुष्य देवो.

कलम सहावे, संतोष. मोपाला विमाने उतरू लागल्यापासून हा आमच्या बाजूला जमिनींची दलाली करतो. दर महिन्याला नवीन गिऱ्हाईक घेऊन माझ्या गवताच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, उभा राहतो आणि तोंड भरून सांगतो, इथे व्हिला, तिथे पोहण्याचा तलाव. त्या कुणग्यात हत्तीगवत आहे, ते कापले की पुन्हा वाढते, व्हिला वाढत नाही. संतोषला मी काहीही ठेवत नाही. मात्र साक्षीदार म्हणून मुद्दाम त्यालाच बोलावले आहे. म्हणजे कुणगा गोठ्याबरोबरच जाणार हे त्याला सहीनिशी कळेल आणि माझा चहा वाचेल.

कलम सातवे गोठ्याचे. ते लिहिण्यापूर्वी गौरेशबद्दल दोन शब्द.

माझा मुलगा गुणी आहे, फक्त हिशेबी आहे. एका शनिवारी तो मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसला. पेंडीचे पोते दर खेपेला महाग, दुधाचा दर मात्र जागचा हलत नाही. पेंढ्याचा ट्रक कोल्हापूरकडून येतो, डिझेल वाढले की पेंढाही वाढतो. वीज, डॉक्टर, रत्नाचा पगार, पाडा झाला तर त्याचे काय करायचे तो एक घोर. आणि एकीची कास सुजली की औषध चालू असेपर्यंतचे दूध ओतून द्यायचे. सगळे मांडून झाल्यावर त्याने विचारले, "आई, ह्या गायो आमका पोसतत, काय आमी गायींका पोसतंव?"

मी म्हटले, "दोनूय. तेकाच संसार म्हणतत."

त्याचे म्हणणे चुकीचे नाही. गाई विकाव्या, वास्कोला फ्लॅट घ्यावा, सुविधाला तिकडे न्यावे आणि मलाही. मला तिथे गच्चीवरून जहाजे दिसतील म्हणाला. जहाजाची धार काढता येत असती तर मी विचार केला असता. मला मरणाची भीती वाटत नाही, पण माझ्यामागे ह्या गोठ्यात स्कूटर लावलेल्या मला बघवणार नाहीत. आणि सुविधाला वास्कोलाच जायचे असणार, हे मी धरून चालले होते. डिचोलीच्या दुकानदाराची मुलगी, लग्नाआधी शेणाला हात न लावलेली. ती गाईंसाठी इथे कशाला राहील?

मग गेल्या पावसाळ्यात मी गोठ्यात घसरून पडले. रबरी मॅट सगळीकडे घातली आहे, एक कोपरा राहिला होता, नेमकी तिथेच. मांडीचे हाड मोडले, आत सळी घातली, इस्पितळात राहावे लागले. माझी सगळ्यात दुधाळ गाय पवळी. ती धारेचे यंत्र लावून घेत नाही, लाथ घालते, आणि माझ्याशिवाय कुणालाच पान्हा सोडत नाही. पवळी आटणार हे मी खाटेवर पडल्या पडल्या मनाशी मान्य करून टाकले होते.

परत आले त्या संध्याकाळी गाडी अंगणात थांबली. मी वॉकर घेऊन आधी गोठ्याकडे गेले, घर कुठे पळून जात नाही. दारात पोचते तो आत माझाच आवाज.

"उभी रव गो पवळे, उभी रव. तुका म्हणान सांगतंय, आमची सून अजून उठूक नाय. सूर्य माथ्यार इलो. आता उठतली, हातांक क्रीम लावतली, मगे च्या घेतली. डिचोलेचा चेडू ता, तेका शेणाची घाण येता. आणि काल दुधाचा टोप करपवल्यान नि माडाच्या मुळात लपवन ठेवल्यान, माका काय कळाचा नाय!"

वाकून बघितले तर सुविधा. माझे निळे चौकड्यांचे कापड नेसलेली, केसांना माझे तेल लावलेली, पवळीच्या पोटाला डोके टेकून बसलेली. पवळी डोळे मिटून रवंथ करत होती आणि दूध बादलीत सरीसारखे पडत होते.

रत्नाने मला बाजूला घेऊन सांगितले, "पहिलं दोन दिस थेंब दिला नाही वो. वैनींनी तुमचं लुगडं नेसून बघितलं, तेल लावून बघितलं. मग मला विचारल्या, आई धारंला बसून काय बोलत्यात? म्या कसं सांगू? तुमच्याच नावानं बोलत्यात म्हटलं. तर म्हणाल्या, सगळं सांग, एक शब्द गाळू नको."

गोष्ट खरी आहे. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून सुनेची गाऱ्हाणी मी पवळीला आणि तिच्याआधी पवळीच्या आईला सांगत आले. विहिरीवर सांगितली नाहीत, देवळात सांगितली नाहीत, माहेरी नेली नाहीत. गाय चहाडी करत नाही. पवळीला त्या गाऱ्हाण्यांची एवढी सवय, की ती ऐकल्याशिवाय तिला धारेची वेळ झाली असे वाटतच नसे. आणि ही मुलगी रोज दोन वेळा माझ्या आवाजात स्वतःची उणीदुणी काढत बसली होती. करपलेला टोप मला ठाऊकसुद्धा नव्हता, तो तिने पदरचा घातला होता. मी दारात उभी राहून इतकी हसले की मांडीतली सळी दुखायला लागली. तिने वळून बघितले, लाल झाली, पण हात थांबवला नाही. अर्धी कास सोडून उठायचे नसते, हे तिला कुणी न सांगता कळले होते. त्या दिवशी मला ती पोटच्या पोरीसारखी वाटली, हे इथे लिहून ठेवते.

म्हणून कलम सातवे मी असे लिहिले होते: गोठा, गाई, पाड्या, गवताचा कुणगा, कडबाकुट्टी, यंत्र, कॅन आणि सोसायटीची मेंबरशिप, हे सर्व माझ्या मरणानंतर सून सुविधा हिला.

आज सकाळी हे कलम सर्वांसमक्ष वाचून दाखवले. गौरेश, गौरवी, वकीलबाई, दोन्ही साक्षीदार, सगळे मेजाभोवती. गौरेशची मान खाली गेली. सुविधा मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ह्या माका नको."

 म्हटले झाले, चालली वास्कोला.

"मेल्यानंतरचा माका नको," ती म्हणाली. "तुमच्या मरणाची वाट बघणारी सून करतात काय माका? दिवचा तर आज देवा. पेंडीचा पोता महाग झाला तर मी बघीन, दूध घराघरांत कसा घालूचा ता मी ठरवीन. मी चुकले तर सांगूक तुमी जित्या होयात. मेल्यार कोण सांगतला?"

 मग गौरेश हळूच म्हणाला, "आणि वास्को?"

"तुमी शनिवारी येतात तसे येवा. मी थंय जावन काय करू? माझ्यो गायो हय आसत."

"माझ्यो गायो" म्हणाली. मी हे शब्द वकीलबाईंना दोनदा विचारून पक्के करून घेतले. गौरेशने बायकोकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि हसू लागला. "मगे माका काम काय?" म्हणाला.

"शनिवारचा शेण," सुविधा म्हणाली.

त्याने संमती दिली. गौरवीनेही लगेच दिली. संतोषने नको तिथे तोंड घातले, "पण रोडटच प्रॉपर्टी..." आणि सगळ्यांनी बघितल्यावर चहा प्यायला. वकीलबाई सोमवारी बक्षीसपत्र करणार आहेत, सोसायटीत नाव त्याच दिवशी बदलेल. तेव्हा वरील कलम सातवे मी माझ्या हाताने खोडते. ह्या मृत्युपत्रात आता गोठा नाही. गोठ्याला मालकीण आहे आणि ती जिवंत आहे, मीही जिवंत आहे.

एक शेवटचे. दूध घालणाऱ्या बाईला पेंड, पेंढा, औषध ह्यापेक्षा मोठा खर्च एक असतो, तो गौरेशच्या मोबाईलमध्ये नव्हता. तिला संध्याकाळी परत यावे लागते. गौरवीचे लग्न होऊन सव्वीस वर्षे झाली. हळर्ण इथून जवळ. तिची दोन्ही बाळंतपणे, घरभरणी, दर गणेश-चवथ, प्रत्येक वेळी मी गेले आणि धारेला परत आले. "राव गो आई एक रात," ती म्हणायची आणि मी चपला शोधायची. लेकीच्या घरी पहाट कशी होते ते मी बघितलेले नाही.

सह्या व्हायच्या आधी नव्या मालकिणीने पहिला हुकूम सोडला. "आई, आजची सांजची धार माझी. फाल्याची सकाळची पण. तुमी जावा."  गौरवी आत गेली, माझे कपडे पिशवीत भरले आणि पिशवी गाडीत ठेवून आली. तिचे डोळे भरले होते आणि माझेही. म्हणून ही ओळ वाकडी आली आहे, ती कायद्याने ग्राह्य धरावी.

साक्षीदार:

१. संतोष, जमीन व्यवहार. वाचले, समजले, पुन्हा विचारणार नाही.

२. साईश, गुरांचे डॉक्टर. मी माणसांचा डॉक्टर नाही, तरी लिहून देतो की लिहिणारी बाई शुद्धीवर, तब्येतीने ठणठणीत आणि आज नेहमीपेक्षा जास्त खूश आहे.

लिहून ठेवणार: कमलाक्षी कृष्णनाथ गवस

दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

स्थळ: इब्रामपूर

रात्रीचा मुक्काम: हळर्ण, लेकीचे घर