शर्टात अडकलेली माशी

अहो,

ताईबरोबर दवाखान्यात जाते आहे, दुपारपर्यंत येईन. तुम्ही बोलावलेला बागवाला आपल्या मधमाश्यांच्या पेट्या विकत न्यायला आला, तर त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हातांनी परत पाठवा.

काल तुम्ही बाहेर गाडीपाशी थांबला होतात, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. इतकी वर्षं तुमचे शर्ट झटकताना आत अडकलेली एखादी माशी मला चावायची. मी बर्फ चोळून विसरून जायचे. अंग मात्र विसरत नव्हतं. ते गप्प बसून त्या विषाची ओळख मनात धरून होतं, आणि परवा एका डंखासरशी उसळलं. माझ्याच वळणावर गेलंय म्हणा!

घसा आवळत होता ना, तेव्हा भीती अशी वाटलीच नाही. सगळं अंगण मधात बुडाल्यासारखं पिवळं, संथ झालं होतं, आणि तुम्ही जाळीची टोपी घालून त्यातून तरंगत येत होतात. अजून डोळे मिटले की तेच दिसतं.

औषधही त्याच विषाचं आहे. अगदी थोडं थोडं वाढवत टोचतात, म्हणजे अंगाला हळूहळू सवय होते. काही वर्षं लागतील. तोवर शर्ट तुमचे तुम्ही झटका, लांब जाऊन.

आणि परवापासून दोनदोनदा अंघोळ करून बाहेरच्या खोलीत झोपताय, ते आता पुरे. मला माशीचं वावडं आहे, तुमचं नाही. गादी परत आत आणून टाकली आहे.