मोबाईल शिकवतो ती बास

काका, मी पुन्हा बास गिटार वाजवायला लागले आहे. हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आणि आपलं बोलणं तर त्याच्याही आधी थांबलं होतं. आपल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या दादांचा फोन आला. त्यांच्या बासवाल्याचं मनगट मोडलं, आणि पालघरच्या सभागृहातला कार्यक्रम तीन आठवड्यांवर. "तू काकांकडं शिकलेली, तुला काय अवघड?" असं म्हणाले. मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. लॅबमध्ये नमुने तपासताना बोटं टेबलाच्या कडेवर चालतात. शेजारची विचारते, "काय गं, मुंग्या येतात का?"

आता शिकवायला माणूस लागत नाही, काका. जुनी बास विकत आणली आणि मोबाईलवर चार-पाच अ‍ॅप घेतली. एक तार जुळवून देतं. तार सुरात आली की काटा हिरवा होतो. एक ठोके देतं, हवे तितके सावकाश. एक कुठलंही गाणं निम्म्या वेगानं ऐकवतं, सूर न बिघडवता. सगळ्यात अजब जे आहे ते गाण्यातून बास तेवढी पुसून टाकतं आणि ती मोकळी जागा माझ्यासाठी ठेवतं. शिवाय एक गुण देणारं, चुकलं की लाल, बरोबर आलं की शाबासकी. तुम्ही दोन वर्षांत दिली नाहीत एवढी शाबासकी ते दहा मिनिटांत देतं. फर्स्ट शिफ्ट करून घरी आले की जेवायच्या आधी वाजवायला बसते. एक अ‍ॅप उघडते, पाच मिनिटांत दुसरं, मग परदेशातल्या कुणा मास्तराचा व्हिडिओ, तोही अर्धाच. साधनं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. मीच टिकत नाही.

तुमच्याकडे काय होतं? कंपनीचं कॅन्टीन, दुपारचं सुटल्यावर रिकामं पडलेलं, आणि भिंतीपलीकडचा तो मोठा पंप. तुम्ही मेंटेनन्समधले फिटर, मी लॅबमधली नवी पोरगी. गणपतीच्या कार्यक्रमात तुम्हाला वाजवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं, मला शिकवाल का. बाईमाणसानं हे का शिकायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "नखं काप." मग कॅन्टीनमध्ये बसून पंपाच्या ठोक्यावर एकच सूर, अर्धा अर्धा तास. मी कंटाळून मधे काही जोडलं की तुम्ही गालात हसायचात. "बोटं धावतात गो तुजी. कान मागंच ऱ्हातो. घाई कसली हाय?" घाई कसली ते मला तेव्हाही सांगता आलं नाही.

मासवणची ती हळद आठवते? तुम्ही मला चार-पाच कार्यक्रमांना पुढे उभं केलं होतं आणि स्वतः मागे बसायचात. त्या दिवशी मांडवापुढे सगळे नाचत होते, मला चेव आला. गाणारी ताई अंतऱ्यावर आली आणि मी तिच्या सुराखालून वाजवायचं सोडून तिच्या अंगावरच वाजवायला लागले. तिचा सूर गेला, ओळ तुटली, तिनं घाबरून मागे पाहिलं. तुम्ही उठलात, माझ्या अ‍ॅम्पचं बटण शून्यावर आणलंत आणि परत जागेवर बसलात. उरलेली चार गाणी मी तशीच वाजवली. बोटं हलत होती, आवाज नव्हता, आणि नाचणाऱ्यांना पत्ताही नाही. टेम्पोत सामान चढवताना तुम्ही म्हणालात, "तिला रडाय आलं होतं. तुला दिसलं नाय." मला माझाच अपमान दिसत होता. त्यानंतर मी कॅन्टीनमध्ये थांबले नाही. दोनदा तुम्ही निरोप पाठवलात, "ये म्हणावं, आमी काय वाघ नाय." मी शिफ्टचं कारण सांगितलं.

गेल्या रविवारी सकाळी दादांच्या दुकानामागच्या खोलीत तालीम झाली. ड्रमवर एक मुलगी आहे, वडील इथल्याच एका कारखान्यात कामाला. मी कानात अ‍ॅपचे ठोके लावून वाजवत होते, एकही चूक नाही. तिसऱ्या गाण्यात तिनं काठ्या खाली ठेवल्या. "दीदी, आप मोबाइल के साथ बजा रहे हो. मेरे साथ नहीं." मला इतका राग आला की बाहेर जाऊन उभी राहिले. परत निघून जावं असंच वाटत होतं. बास मात्र आत राहिली होती. ती घ्यायला म्हणून आत गेले, तर ती मुलगी शांतपणे एकच साधा ठेका धरून बसली होती, माझ्याकडे न बघता. मी कानातला इयरफोन काढला आणि त्या ठेक्यावर एकच सूर धरला. किती वेळ, ते मोजलं नाही.

काल कार्यक्रम झाला. म्हातारे गायक एका गाण्यात अख्खा अंतरा विसरले आणि थेट धृपदावर आले. कीबोर्ड अडखळला. मी आणि ती मुलगी एकाच वेळी धृपदावर वळलो आणि त्यांच्या सुराखाली जाऊन उभ्या राहिलो. लोकांना काही कळलं नाही. गायकांनाही नाही. नंतर ते माझ्याजवळ आले, मला वाटलं काही बोलतील, तर म्हणाले, "पाणी आहे का, बाई?" मी बाटली दिली. इतकं बरं मला त्या अ‍ॅपच्या कुठल्याच शाबासकीनं वाटलं नव्हतं.

हे कागद कुठे पाठवणार? तुमचं बेटेगावचं घर तुमच्या मुलानं विकलं म्हणतात. तरी एक लिहून ठेवते. तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही आणि सगळ्यांना सांगितलं, रजा मिळाली नाही. त्या दिवशी माझी सुट्टी होती, काका. मी तुमच्या घराजवळच्या वळणापर्यंत रिक्षानं आलेही होते. दारात जमलेल्या माणसांत ती गाणारी ताई दिसली, आणि मी रिक्षावाल्याला परत फिरायला सांगितलं.